ताईचे मार्क

२०२५च्या ऑगस्टात आमच्या हायस्कूलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतिहासाच्या सरांनी एक बातमी टाकली. नोटोने, म्हणजे अवयव प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, राज्यांना कळवलं होतं की अवयवासाठी यादीत थांबलेल्या महिला रुग्णांना जादा प्राधान्य द्या. ज्या घराने आपल्या गेलेल्या माणसाचे अवयव दिलेत, त्या घरातल्या जवळच्या माणसांनाही द्या. बातमीखाली सरांची टीप होती, ‘घ्या, आता लिव्हरलापण लेडीज डबा.’ पटापट हसरे चेहरे पडले. मीही सवयीने अंगठा दिला. दोन मिनिटांनी काढून घेतला, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. ग्रुपवर लिहिलं असतं तर लांबलं असतं, शिवाय तिथे गणिताच्या मास्तराचं कुणी वाचत नाही.

माझी ताई २०२२च्या ऑगस्टापासून २०२३च्या जानेवारीपर्यंत लिव्हरच्या यादीत होती. साडेपाच महिने.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तेव्हा सत्तेचाळीसची. तासगावकडे दिलेली, दाजींची द्राक्षबाग. तिला झालं होतं ऑटोइम्यून हिपॅटायटिस. शरीराची राखण करणारी यंत्रणाच लिव्हरवर उलटते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, आणि वेळेत कळला तर स्टिरॉइड आणि सोबतीच्या एका गोळीवर वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. आम्हाला तो वेळेत कळला नाही. दोन वर्षं ती थकायची, तर ‘बाईमाणसाचा अशक्तपणा’ म्हणून लोहाच्या गोळ्या. अंगाला खाज सुटायची, ती ‘उष्णता’. डोळे पिवळे झाले तेव्हा शेजारच्या गावात काविळीचं औषध देणाऱ्याकडे पाच रविवार. सहाव्या रविवारी पोट पाण्याने फुगलं, तेव्हा सांगलीला नेली आणि तिथून पुण्याला. द्राक्षाच्या पानावर डावणी रोग दिसला तर दाजी त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर काढतात, हे मी त्यांना एकदा बोललो. बोलायला नको होतं. त्यांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

‘पीत होत्या का?’ हा प्रश्न तर प्रत्येकाने विचारला. वॉर्डबॉयपासून बँकेतल्या साहेबापर्यंत. लिव्हर म्हटलं की दारू, एवढंच आपल्याला माहीत.

तर मार्क. लिव्हरच्या यादीत लागायला रुग्णाचा एक आकडा काढतात, त्याला मेल्ड म्हणतात. कमीत कमी ६, जास्तीत जास्त ४०. पुढच्या तीन महिन्यांत हा माणूस जाण्याचा धोका किती, याचा तो अंदाज असतो. जितका आकडा मोठा, तितका नंबर वर. ताईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे नापासाला पयला नंबर.’ त्यानंतर रक्त तपासून आलं की तिचा एकच प्रश्न, ‘किती मार्क पडले रं आज?’ वाढले की आम्हाला धसकाही बसायचा आणि आशाही वाटायची. एकाच आकड्यावर एकाच वेळी दोन्ही, हे मी आयुष्यात दुसरीकडे कुठे अनुभवलं नाही.

मी गणिताचा माणूस असल्यामुळे तो आकडा मला नुसता घेऊन चालेना. सूत्र शोधून वहीत उतरवलं. रक्तातलं बिलिरुबिन, रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आयएनआर आणि किडनीचं क्रिएटिनिन, या तिघांचे नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचे, प्रत्येकाला ठरलेल्या संख्येने गुणायचं आणि बेरीज करायची. मुळात हे सूत्र अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये दुसऱ्याच कामासाठी बनलं. लिव्हरमधला रक्ताचा दाब उतरवायला एक नळी बसवतात, ती बसवल्यावर कोण टिकेल याचा अंदाज घ्यायला. २००२च्या फेब्रुवारीपासून तिथे लिव्हरची वाटणी त्यावर व्हायला लागली. त्याआधी किती दिवस यादीत आहे आणि डॉक्टरला किती गंभीर वाटतो, यावर बरंच अवलंबून असे. आणि गंभीर वाटणं म्हटलं की ओळखपाळख, रडारड, सगळंच आलं. आकड्याला यातलं काही कळत नाही, हा त्याचा मोठा गुण. मी आजही आकड्याच्याच बाजूने आहे. पुढे जे लिहितोय ते आकडा नको म्हणून नाही.

ताईचे पहिले मार्क: बिलिरुबिन ६.२, आयएनआर १.८, क्रिएटिनिन ०.६. माझ्या वहीत उत्तर आलं २०. सोडियम १३० होतं, ते धरण्याची नंतरची पद्धत आहे, तिने २५. फाइलीवरही २५च होतं. जुळलं म्हणून मी खूश झालो होतो, इतका मूर्ख.

गोम क्रिएटिनिनमध्ये आहे. एकाचा लॉग शून्य. एकाच्या खालच्या संख्येचा लॉग उणे, मग मार्क वजा व्हायला लागतील, म्हणून सूत्रात सांगून ठेवलंय की एकाच्या खालचं काहीही आलं तरी एकच धरा. आता क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंपासून. ताईचं वजन काट्यावर ४९ भरायचं, पण त्यात पोटातलं पाणी. पाणी काढलं की ४२-४३. दंड माझ्या मनगटाएवढे. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या, म्हणून तिने मनगटावर बांगड्यांच्या मागे दुधाच्या पिशवीचं रबर लावून ठेवलं होतं. नर्सने सुई टोचायला ते काढलं की ताई ते उशीखाली जपून ठेवायची आणि नंतर परत लावायची. अशा बाईचं क्रिएटिनिन ०.६ असणारच.

ऑक्टोबरात तिच्या पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला आणि किडनीला झटका बसला. क्रिएटिनिन ०.६ वरून १.० झालं. म्हणजे मूळच्या १.६७ पट. सूत्राच्या हिशेबी वाढ: शून्य. आधीही एक, नंतरही एक. हीच वाढ, ह्याच प्रमाणात, धडधाकट बांध्याच्या एखाद्या पुरुषाची १.० वरून १.६७ झाली असती, तर मूळ सूत्रात त्याला जवळपास पाच मार्क मिळाले असते. मी ते रात्री खोलीवर तीनदा करून बघितलं. कॅल्क्युलेटरवर विश्वास बसेना म्हणून लॉगच्या कोष्टकावरून केलं.

हे मला एकट्याला सुचलं अशातला भाग नाही. अमेरिकेत हे बरीच वर्षं ठाऊक होतं. यादीत थांबलेल्या बायकांना लिव्हर मिळण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी, यादीतच दगावण्याचं जास्त. शेवटी २०२३च्या जुलैत त्यांनी सूत्र बदललं. नव्या मेल्डमध्ये अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घेतलं आणि स्त्री असेल तर सरळ १.३३ मार्क जादा. ग्रुपवरच्या सरांच्या भाषेत, लेडीज डबा. मी ताईचे ऑगस्टातले आकडे नव्या सूत्रात घालून पाहिले. अल्ब्युमिन तिचं २.४ होतं. पंचविसाचे सव्वीस झाले. एक मार्क. आभाळ फाटेल इतका मोठा फरक नाही. पण दहावीच्या निकालाला एका मार्काने काय होतं, ते मला कुणी सांगू नये.

शिवाय लहान चणीची अडचण सूत्रात येतच नाही. लिव्हर आलंय, या, असा हॉस्पिटलचा दुसरा फोन आला होता नोव्हेंबरात. दाता धिप्पाड होता, लिव्हर तेवढंच मोठं, आणि ताईच्या पोटात ते बसणार नाही असं सर्जननी सांगितलं. ते दुसऱ्याला गेलं. जायलाच हवं होतं. मोठ्याचं लहानाला बसत नाही, लहानाचं मोठ्याला पुरत नाही. बहुतेक दाते असतात अपघातातले, डोक्याला मार लागलेले पुरुष.

फोन म्हणजे काय असतो ते सांगतो. कुठल्यातरी हॉस्पिटलात कुणीतरी मेंदूमृत होतं. चार डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतं. त्या मधल्या वेळेत एक समन्वयक त्या घरातल्या माणसांजवळ बसून विचारते. (मला भेटलेल्या सगळ्या समन्वयक बायकाच होत्या. हे काम करायला कसलं काळीज लागतं कोण जाणे.) घरच्यांनी हो म्हटलं की विभागीय केंद्र यादी बघतं. आपल्या राज्यात अशी चार केंद्रं आहेत, मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगर. अचानक लिव्हर बंद पडलेला एखादा असेल तर तो सगळ्यात आधी. मग रक्तगट, मग मार्क. बाहेर काढलेलं लिव्हर बर्फात ठेवून बारा तासांच्या आत बसवावं लागतं, आणि सर्जनला ते त्याच्या निम्म्या वेळेत हवं असतं. त्यामुळे फोन आला की निघायचं नाही, पोचलेलं असायचं.

तासगावहून पुणे सव्वादोनशे किलोमीटर. हॉस्पिटलने स्पष्ट सांगितलं, जवळ राहा. आम्ही खोली घेतली, महिना नऊ हजार, जिना अंधारा, खाली गिरणी. दिवसभर पिठाचा वास. ताईला तो आवडायचा, म्हणायची गावाकडल्यासारखं वाटतं. दाजी बाग आणि खोली असे फेऱ्या मारायचे. त्या साली त्यांची छाटणी तीन आठवडे लांबली. ज्याला बाग नाही, भाऊ पगारदार नाही, त्याने खोली कशी घ्यायची? २०२३च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने डोमिसाइलची अट काढायला सांगितली, कुठल्याही राज्यात नाव नोंदवा म्हणून. पासष्टच्या वरच्यांनाही नाव नोंदवायला मोकळीक मिळाली. चांगलंच झालं. पण नाव लागणं आणि मध्यरात्री तिथे असणं यांच्यात जे अंतर आहे, ते एसटीने कापता येत नाही. स्टीव्ह जॉब्ज राहायचे कॅलिफोर्नियात आणि २००९ साली लिव्हर मिळालं टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला. तिथे एकाहून जास्त ठिकाणी नाव लावणं कायदेशीर आहे, फक्त वेळेत पोचता आलं पाहिजे. त्यांना येत होतं. त्यांनी नियम मोडला नाही, आणि मला राग त्याचाच येतो.

पहिला फोन सप्टेंबरात, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी. ‘पेशंटला काही खायला-प्यायला देऊ नका, लगेच या. पण तुम्ही दुसऱ्या नंबरला आहात.’ दोघांना बोलावतात. पहिल्याला ताप निघाला, रक्तात काही सापडलं, तर लिव्हर वाया जाऊ नये म्हणून. आम्ही पावणेतीनला पोचलो. पहिला पेशंट आमच्या आधी आलेला, पन्नाशीचे गृहस्थ, सोबत बायको आणि दोन मुली. एकाच बाकावर आम्ही सगळे. त्यांच्या एका मुलीने आम्हाला सरकून जागा दिली. काय बोलणार? त्यांचा ताप मोजायला नर्स आली तेव्हा थर्मामीटरकडे आम्ही बघितलं नाही असं मी लिहू शकत नाही. सकाळी सव्वासातला समन्वयक बाहेर आल्या आणि म्हणाल्या, त्यांचं होतंय, तुम्ही घरी जा. ताई रात्रभर कोरड्या तोंडाने बसली होती. तिने विचारलं, ‘मग आता च्या प्यायला हरकत न्हाई न्हवं?’

ऑक्टोबरात जंतुसंसर्ग झाला तेव्हा नऊ दिवस तिचं नाव यादीत होतं पण झाकलेलं. अंगात जंतू असताना ऑपरेशन करता येत नाही, मग नाव तात्पुरतं बाजूला. म्हणजे आजार सर्वांत जोरात असतो तेव्हाच माणूस रांगेबाहेर. त्या नऊ दिवसांत तिच्या गटाचं एखादं लिव्हर येऊन गेलं का, हे आम्ही विचारलं नाही.

त्याच वॉर्डात पलीकडच्या खाटेवर जत तालुक्यातला एक ट्रक ड्रायव्हर होता. एक्केचाळीस वय. त्याचे मार्क एकतीस, ताईपेक्षा सहाने जास्त. पण तो यादीत नव्हता. एक तर पिणारा, आणि सोडून दोनच महिने झालेले. बऱ्याच ठिकाणी सहा महिने सुटलेली असावी लागते. हा सहा महिन्यांचा आकडा काही दगडावरची रेघ नाही. फ्रान्स-बेल्जियममधल्या डॉक्टरांनी २०११मध्येच दाखवून दिलं की नीट निवडलेल्या रुग्णांना एवढं न थांबवताही प्रत्यारोपण करता येतं आणि ते जगतात. पण त्याच्या बाबतीत ती चर्चा होण्याआधीच दुसरी गोष्ट आडवी आली. अंदाजपत्रक. आम्हाला दिलं होतं बावीस लाखांचं. पैशाची सोय दाखवल्याशिवाय पुढच्या तपासण्या नाहीत, तपासण्यांशिवाय नाव नाही. दाजींनी वीस गुंठे विकले, मी पीएफमधून काढले, भिशी उचलली, मुख्यमंत्री निधीपासून देवस्थानांच्या ट्रस्टपर्यंत अर्ज केले, आणि तरी चार लाखांचं भोक राहिलं, ते दाजींच्या पाहुण्यांनी भरलं. ड्रायव्हरच्या बायकोने अंदाजपत्रकाची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि ती परत उघडलीच नाही. पेपर त्याचा आमच्यापेक्षा भारी होता, पण हॉल तिकीट नव्हतं. यादीत तो कधीच नव्हता, त्यामुळे ‘यादीत असताना दगावलेले’ या रकान्यातही तो कधी आला नाही. दिवाळीच्या आठवड्यात गेला.

म्हणून सरांचं ‘लेडीज डबा’ मला टोचलं. डब्यात चढणारे वेगळेच. फलाटावर किती उरले ते कुणी मोजत नाही.

आता घरातलं. आपल्याकडे लिव्हर बहुतेक वेळा मेलेल्या माणसाकडून येतच नाही. २०२३ साली देशात ४,४९१ लिव्हर बसवली गेली, आणि मरणोत्तर दाते सगळे मिळून १,०९९. म्हणजे उरलेली लिव्हर घरातल्याच कुणाच्या तरी पोटातून आली. लिव्हर परत वाढतं, म्हणून उजवी बाजू, साठ टक्क्यांच्या आसपास, कापून देता येते. आणि देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्या तिघांत जवळपास दोघी बायका असतात. घेणाऱ्यांत बायका तिसरा हिस्साही जेमतेम. ग्रुपवर विज्ञानाच्या मॅडमनी हे टाकलं तेव्हा सर म्हणाले, दारू पुरुष पितात, लिव्हर पुरुषांचंच जाणार. त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण दारूने किडनी मागणाऱ्यांची रांग लागत नाही, आणि तिथेही चित्र हेच आहे.

वॉर्डात मला ते रोज दिसायचं. नवरा पेशंट असला की बायको तपासण्यांच्या रांगेत आधीच उभी असायची. तिला कुणी विचारलेलंही नसायचं. बायको पेशंट असली की घरात बैठक बसायची.

आमची बैठक अशी. ताईचा गट ओ. ओ गटाला ओचंच चालतं. दाजी ओ, पण लिव्हरवर चरबी. डॉक्टर म्हणाले दहा किलो उतरवा, बघू. दाजींनी दोन महिन्यांत चार उतरवले, भाकरी निम्मी केली, पहाटे बागेतून चालायचे. पुरेसं नव्हतं. आई ओ, पण चौऱ्याहत्तर वर्षांची. भाचा ओ, वीस वर्षांचा, कायद्याने चालतो, उड्या मारत तयार. त्याच्या आजीने, म्हणजे ताईच्या सासूने, देवापुढे बसून रडारड केली, पण नाही म्हटलं ते ताईनेच. दात्याच्या जिवाला धोका हजारात दोन ते पाच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ताईने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘हजार पोरं न्हाईत मला. एकच हाय.’ भाचा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही.

मी बी पॉझिटिव्ह. वडिलांवर गेलो. सगळ्यांना माहीत होतं, लायसन्सवर छापलेलं आहे, म्हणून बैठकीत माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. अदलाबदलीचा मार्ग २०११च्या दुरुस्तीने कायद्यात आहे: माझं लिव्हर दुसऱ्या घरातल्या बी पेशंटला, त्यांच्या ओ दात्याचं ताईला. कागदावर सुंदर. पण विचार करा, ज्या घरात ओ दाता आहे ते घर अदलाबदलीला येईल कशाला? ओचं तर सगळ्यांना चालतं. ते आपापसात उरकतात. त्यामुळे ओ गटाचा पेशंट सगळीकडेच मागे राहतो. हे मी डॉक्टरांना फळ्यावर मांडावं तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, ‘सर, गट न जुळता पण करतात. आधी औषधं देऊन, रक्तातल्या अँटिबॉडी धुऊन काढून. खर्च वाढेल, धोका थोडा वाढेल. पण होतं. तुमची तब्येत चांगली आहे.’

खोलीचं दार उघडं होतं, बाहेर व्हीलचेअरवर ताई. मी म्हणालो, ‘बघू.’

रात्री बायकोला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, आपल्या दोन पोरी आहेत. मी म्हणालो, हो ना. विषय तिथे संपला, आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. नंतर डॉक्टरांनी विचारलं नाही, मी काढलं नाही. दाजींना सांगितलं नाही, आईला नाही. लॉगच्या कोष्टकातून ०.६ आणि १.०चा हिशेब मी तीनदा केला तो त्याच आठवड्यात. सूत्रातला अन्याय सापडला म्हणून मला किती बरं वाटलं होतं, ते आज कळतं.

इंग्लंडमध्ये २०१८च्या मार्चपासून वेगळंच गणित चालतं. तिथे नुसतं कोण जास्त आजारी हे बघत नाहीत, लिव्हर दिल्याने कुणाचा फायदा जास्त हे बघतात. पेशंटच्या एकवीस गोष्टी, दात्याच्या सात, सगळं संगणकात. ऐकायला किती शहाणपणाचं. पण फायदा मोजतात तो पाच वर्षांपुरता. आता वीस वर्षांचा मुलगा लिव्हर न मिळताही थोडा तग धरतो, आणि मिळालं तर पन्नास वर्षं जगेल, पण त्यातली पाचच धरायची म्हटल्यावर त्याचा फायदा दिसतो थोडका. तरुण मागे राहायला लागले. २०२३मध्ये तिथल्या वर्तमानपत्रांत त्यावर गदारोळ झाला. मला त्यात चूक कुणाची हे ठरवता येत नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागते, आणि रेघ मारली की कुणीतरी पलीकडे उभं असतंच. माझ्या पेपरातही पस्तिसाला पास आणि चौतिसाला नापास, मी वर्षानुवर्षं करतोच आहे. फक्त चौतिसाला फेरपरीक्षा आहे.

तिसरा फोन जानेवारीच्या मध्यात, संक्रांतीनंतर. तोपर्यंत मार्क एकोणतीस. ताईला अधूनमधून भूल पडायला लागली होती, एकदा मला तिने वडिलांच्या नावाने हाक मारली. या वेळी आम्ही पहिल्या नंबरला होतो. बाकावर दुसऱ्या नंबरचे लोक आले, एक पोरगेलासा नवरा-बायकोचा जोड. मी सरकून जागा दिली. ताईला आत नेताना नर्सने बांगड्या उतरवल्या आणि रबर माझ्या हातात दिलं. ऑपरेशन दहा तास चाललं. ते रबर मी बोटाला गुंडाळून-गुंडाळून तोडलं.

आज ताई बरी आहे. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, मोबाइलवर गजर, शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी. वजन चौपन्न. क्रिएटिनिन ०.९, आणि आता ते कुणी एक धरत नाही, ०.९च लिहितात.

ग्रुपवरचं ते कात्रण मी तिला दाखवलं. गेल्या रविवारी तासगावला गेलो होतो, ती पडवीत मेथी निवडत बसलेली. तिने चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग मोबाइल परत देत म्हणाली, ‘यादीतल्या बायकांना दिलं, बरं झालं. घरातल्या यादीचं काय?’

मी काही बोललो नाही.

‘त्या दिवशी डॉक्टर तुला म्हनलं न्हवं, गट न जुळता बी होतंय म्हनून,’ ती म्हणाली. जुडीतली पिवळी पानं बाजूला टाकत होती. ‘दार उघडंच होतं की रं.’

मग तिने मेथी टोपल्यात लोटली आणि दाजींना हाक मारून विचारलं, व्यापारी आज किती दर बोलला.